हिरवा डबा आणि मैमुनाची किडनी

गुहागर
१२ मार्च २०२५

१९७७ च्या दहावीच्या तमाम बाकमित्रांनो,

तुम्हां एकतीस जणांना एकच पत्र पाठवतो आहे, कारण आपणा सगळ्यांचं दुःख एकच आहे. आपलं कोणी ऐकत नाही! सून बोलत असली की आपण गप्प बसायचं, नातू मोबाइलमध्ये असला की गप्प बसायचं, आणि दवाखान्यात तर दोन तास बाकावर बसून दोन मिनिटांसाठी आत जायचं. छातीत काय होतंय ते सांगायला तोंड उघडावं, तर डॉक्टर त्यात थर्मामीटर घालतो!

चाळीस वर्षं मी फळ्यासमोर आणि व्यासपीठावर बोललो. ग्रंथालयाचा वर्धापनदिन असो की जेटीसाठीचा मोर्चा, हरिश्चंद्र आरेकर बोलल्याशिवाय माणसं उठत नसत. आता मंडळाची पोरं मला पहिल्या रांगेत बसवतात, हातात नारळ देतात आणि माईक दुसऱ्याला देतात.

मित्रांनो, हा अपमान संपवायचा तर आधी शंभर वर्षं जगायला हवं. त्याचा मार्ग मला सापडला आहे. तो एका कपात आहे आणि तो कप हिरवा आहे.

ग्रीन टी! हसू नका. परसातली गवती चहाची पात म्हणजे ग्रीन टी नव्हे, हेही आधीच सांगतो, कारण शेजारच्या सखूने कालच मला पातीची जुडी आणून दिली. हा खराखुरा चहाच. त्याच झाडाची तीच पानं. काळ्या चहासाठी ती काळी पडू देतात, हिरव्यासाठी लगेच वाफवून वाळवतात. त्यामुळे त्यांतली कॅटेचिन नावाची द्रव्यं शाबूत राहतात. त्यांतल्या मुख्य द्रव्याचं नाव इतकं लांब आहे की उच्चारताना माझी कवळी दोनदा सुटली. शास्त्रज्ञांच्याही सुटत असाव्यात, कारण ते त्याला नुसतं ईजीसीजी म्हणतात. हे द्रव्य शरीरातल्या सैन्याला, म्हणजे प्रतिकारशक्तीला, खडबडून जागं करतं.

एका कंपनीने हे सत्त्व कॅप्सूलमध्ये भरून हिरव्या डब्यात आणलं आहे. त्या कंपनीने मला तालुक्याचा मानद वक्ता नेमलं आहे. शाल दिली, श्रीफळ दिलं आणि माईकही दिला. २० एप्रिलला गुहागरात सभा आहे. प्रत्येकाच्या पत्रासोबत एक डबा माझ्याकडून भेट.

आता अयूब. आपला अयूब सोलकर, जहाजाच्या इंजिनरूममध्ये तीस वर्षं काढून आलेला. जानेवारीत मुंबईला त्याची किडनी बदलली. किडनी दिली त्याच्या बायकोने, मैमुनावहिनींनी. आता तो रत्नागिरीला राजिवड्यात घरी आहे, एका खोलीत बंद, आणि त्याची प्रतिकारशक्ती पार तळाला गेली आहे. ती वर काढणं हे मित्र म्हणून आपलं काम नव्हे काय? आजाऱ्याच्या घरी आपण रिकाम्या हाताने जात नाही. केळी नेतो, बिस्किटं नेतो, शहाळं नेतो. यंदा प्रत्येकाने ग्रीन टीचा पुडा न्यायचा, आणि एक कप आपल्यासमोर पाजूनच उठायचं. कोणी कोणत्या दिवशी जायचं, त्याचा तक्ता जोडला आहे.

तुमचा
हरिश्चंद्र आरेकर

(फक्त अयूबच्या प्रतीवर, हाताने लिहिलेलं:) मेल्या, तुझ्या लेकीने, उमैमाने, तुझ्या फोनमध्ये मला ब्लॉक केलंय हे कळलं. पोस्ट खातं अजून तिच्या ताब्यात गेलेलं नाही! डब्यातल्या कॅप्सूल सकाळी दोन, संध्याकाळी दोन. एकेका कॅप्सूलमध्ये अख्ख्या किटलीचा ऐवज आहे.

*

राजिवडा, रत्नागिरी
२१ मार्च २०२५

हरी,

पत्र मिळालं, डबा मिळाला. तक्त्याप्रमाणे माणसंही मिळताहेत, थांबत नाहीत.

मला एप्रिल संपेपर्यंत खोलीबाहेर जायला मनाई आहे. तोंडाला मास्क. भेटायला येणाऱ्याने आत पाऊल टाकायचं नाही, पडवीत खुर्ची घेऊन खिडकीतून बोलायचं, असा मैमुनाचा कायदा. तिच्या पोटावरचे टाके अजून ओढतात, पण दारात अशी उभी राहते की कस्टमवाले बरे.

रमजान चालू आहे. घरात सगळ्यांचा रोजा, मलाच डॉक्टरांनी रोजा ठेवू दिला नाही. त्यामुळे सगळ्या मोहल्ल्याचं तोंड कोरडं आणि मी एकटा दिवसाढवळ्या खिडकीत बसून कपामागून कप रिचवतोय. तुझ्या तक्त्यातला फुजैल आला तो रोज्यातच. पण तुझा तक्ता म्हणतो पाजूनच उठायचं, म्हणून बिचारा माझ्या कपाकडे टक लावून बसला. चिमा बुरोंडीहून दोन गाड्या बदलून आली. म्हणाली, "घे रे अयूब, तुझ्यासाठी आणलाय, फुंकून फुंकून घे." तिला नाही कसं म्हणू? आलेल्या माणसाने आणलेलं तोंडाला लावायचं, ही रीत तुझ्या घरी आहे तीच माझ्या घरी. आत्तापर्यंत अकरा पुडे जमले. चव विचारशील तर, बंदरात भिजलेला जुना दोर उकळून बघ.

गोळ्या सकाळी नऊला आणि रात्री नऊला. पाच मिनिटं इकडेतिकडे चालत नाहीत. इंजिनरूमची पाळीच समज.

एक विचारायचं होतं. डॉक्टर म्हणतात, माझी प्रतिकारशक्ती त्यांनी मुद्दाम खाली ठेवली आहे. मैमुनाची किडनी माझ्या शरीराला परकी. सैन्य जागं झालं तर पहिला गोळीबार तिच्यावर. आणि तू म्हणतोस सैन्य जागं कर. दोघांतलं कोण बरोबर? शाळेत तू माझ्यापुढे होतास, म्हणून तुलाच विचारतो.

डबा उमैमाला दाखवलेला नाही. मेडिकल स्टोअरमध्ये फार्मासिस्ट झाल्यापासून पोरीला प्रत्येक गोष्टीचं लेबल वाचायची खोड लागलीय. माझ्या जहाजाच्या पेटीत, कामावर घालायच्या जुन्या डांगरीखाली ठेवलाय. आजपासून चालू करतो. एवढी पुस्तकं वाचणारा माणूस उगीच देणार नाही.

अयूब

*

गुहागर
२८ मार्च २०२५

अयूब,

तुझं पत्र वाचून माझ्या हातातला कप कपाळापर्यंत उडाला! सैन्य मुद्दाम खाली ठेवलंय? कोणाच्या हुकमाने? आपल्याच किल्ल्याचे दरवाजे आपणच उघडून ठेवायचे, याला वैद्यकशास्त्र म्हणायचं असेल तर फितुरी कशाला म्हणायचं?

आणि मैमुनावहिनी तुला परकी? चाळीस वर्षं जिच्या हातची तांदळाची भाकरी आणि माशाचं सार खाऊन जे शरीर पोसलं, ते तिची किडनी ओळखणार नाही? ही नवराबायकोत लावालावी आहे!

मी या विषयावरचे चौदा शोधनिबंध पाहिले. पाहिले म्हणजे त्यांची शीर्षकं संपूर्ण वाचली. एकात उंदरांना ईजीसीजी दिलं, तर त्यांच्यात 'नियामक टी-पेशी' वाढल्या. आता नियामक म्हणजे कोण? शिस्त लावणारे. म्हणजे हवालदार. हवालदार वाढले की बंदोबस्त वाढतो, बंदोबस्त वाढला की ताकद वाढते. दहावीच्या पोरालाही कळेल, डॉक्टरला कळत नाही!

कॅप्सूल त्या नऊच्या गोळ्यांसोबतच घेत जा, म्हणजे विसरायला नको.

आता महत्त्वाचं. २० तारखेच्या सभेत 'रुग्णाचे मनोगत' तू सांगायचंस. फार नको, दहा मिनिटं बोल, मग मी पंचाहत्तर मिनिटं समारोप करतो. खोलीतून बाहेर यायला मनाई असली तरी मंडप उघडाच आहे, त्याला खोली म्हणता येणार नाही. पत्रिका छापून झाली. तुझा फोटो शाळेच्या सहलीतला घातलाय, आरे-वारेच्या वाळूत उभा असलेला. त्यात तुला केस आहेत.

हरिश्चंद्र

*

राजिवडा, रत्नागिरी
८ एप्रिल २०२५

हरी,

ईद झाली. मैमुनाने शिरखुर्मा चमचाभर दिला आणि वाटी उचलून नेली.

अक्षर वाकडं दिसेल. हात हलतोय. कप बशीवर ठेवला की खडखड वाजतो. मैमुना म्हणते, "कुणाला तार पाठवताय?" डोकंही दुखतं.

काल रक्त तपासलं. त्या नऊच्या गोळीचं रक्तातलं प्रमाण दर आठवड्याला बघतात. आठ ते दहा हवं, ते चौदा आलं. इथल्या डॉक्टरांनी मुंबईच्या डॉक्टरांना फोन लावला. मग मला विचारलं, "सोलकर, आणखी काही घेता का? काढा, पावडर, झाडपाला?"

खरं सांगतो, जिभेवर आलं होतं. मग वाटलं, चहाला औषध कोण म्हणतं? आणि कॅप्सूल तर दोस्ताने दिलेली भेट. भेट म्हणून आलेली वस्तू काय डॉक्टरला सांगायची? शिवाय त्यांनी विचारलं असतं, कुणी दिली. मग तुझं नाव कागदावर चढलं असतं. तुझी सभा बारा दिवसांवर. मी म्हणालो, "काही नाही."

डॉक्टरांनी गोळीचा डोस कमी केला. पुढच्या आठवड्यात परत रक्त द्यायचं आहे. उमैमा माझ्याकडे बघते आणि मी खिडकीबाहेर बघतो.

सभेला यायचं कठीण दिसतंय. हात का हलतो, त्यावर काही वाचलंयस का?

अयूब

*

गुहागर
११ एप्रिल २०२५

अयूब,

हात हलतो? अभिनंदन! साठ वर्षांचं विष अंगाबाहेर पडताना थरथर होणारच. थंड पडलेलं इंजिन चालू झालं की सगळं जहाज थरथरत नाही का? इंजिनवाल्याला मी काय सांगायचं!

डॉक्टरला माझं नाव सांगितलं नाहीस, ही मैत्री मी विसरणार नाही. आता माघार नको. दोनाच्या तीन कर. मंडपात चारशे खुर्च्या टाकतोय, त्यांतली मधली तुझी.

हरिश्चंद्र

(त्याच पाकिटात, वहीच्या फाडलेल्या पानावर:)

अयूबभावजी,

पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं, म्हणून ही चिठ्ठी आत सरकवते. हे स्वतः त्यातलं काही घेत नाहीत. पहिल्या दिवशी दोन घोट घेतले आणि म्हणाले, "कमळे, आलं ठेचून आपला नेहमीचा टाक गो." यांच्या वाटणीचा डबा पुस्तकांमागे आहे, सील तसंच आहे.

मनाचे वाईट नाहीत, तुम्हांला ठाऊक आहे. निवृत्त झाल्यापासून आरशासमोर भाषण करायचे. माईक मिळाल्यापासून ताठ चालायला लागले, म्हणून मीही बोलले नाही. ती माझी चूक. हात हलतो हे वाचल्यापासून मला चैन नाही. उमैमाला डबा दाखवा, तुम्हांला माझी शपथ आहे.

कमळा

*

मुंबई
१९ एप्रिल २०२५

हरीकाका,

सलाम. लहानपणी तुमच्या भाषणाला अब्बा मला खांद्यावर बसवून आणायचे. त्या खांद्याची आठवण ठेवून हे पत्र लिहिते आहे, म्हणून यात शिव्या नाहीत.

अब्बा परवापासून इथे हॉस्पिटलात आहेत. तुमचं शेवटचं पाकीट मंगळवारी आलं. अब्बांच्या हातांना ते उघडता येईना, इतके हात हलत होते. अम्मीने उघडलं, आणि कमळाकाकींची चिठ्ठी आधी बाहेर पडली. मग जहाजाची पेटी उघडली. डबा अर्ध्याच्या खाली गेला होता.

गोळीचं रक्तातलं प्रमाण बावीस झालं आहे. डोस कमी करूनही वाढलं, म्हणून डॉक्टर चक्रावले होते. किडनी काम किती करते ते क्रिएटिनिन नावाच्या आकड्यावरून कळतं. फेब्रुवारीत तो १.२ होता, आज २.६ आहे. ती गोळी गरजेपेक्षा जास्त झाली की ज्या किडनीला वाचवायची तिलाच इजा करते. हात हलायचं कारण तेच. विष बाहेर पडत नव्हतं काका, आत साचत होतं.

तुम्ही शीर्षकं वाचलीत, मी खालचा मजकूर वाचला. तुमच्या त्या नियामक पेशी सैन्याला उठवत नाहीत, शांत करतात. तेही उंदरांत आणि काचेच्या बशीत, भरपूर मात्रेत. ग्रीन टीतली द्रव्यं प्रतिकारशक्तीच्या काही पेशींना थोपटतात, काहींना डिवचतात, असं वेगवेगळ्या प्रयोगांत दिसलं आहे. माणसाच्या शरीरात नेमकं काय, किती आणि कोणाला, हे अजून पक्कं ठरलेलं नाही. 'वाढवते' हा शब्द डब्यावर मावतो, म्हणून तिथे छापलाय.

पण अब्बांच्या बाबतीत दुसरीच गोष्ट आड आली. आपल्या आतड्यात आणि यकृतात गोळ्या मोडून काढणारी यंत्रणा असते. ग्रीन टीचं सत्त्व ती मंदावू शकतं. मग गोळी मोडत नाही, रक्तात चढत जाते. धडधाकट माणूस दिवसाला कप-दोन कप प्यायला तर सहसा काही बिघडत नाही, खुशाल प्यावा. अब्बा खिडकीतले कप आणि चार कॅप्सूल, म्हणजे तुमच्या हिशेबाने चार किटल्या, पोटात घालत होते. असं आटवलेलं सत्त्व काहींच्या यकृतालाही बाधतं. त्यांचं यकृत सध्या ठीक आहे.

डॉक्टर म्हणाले, सगळं कॅप्सूलमुळेच झालं असं छातीठोक सांगता येणार नाही. छातीठोक सांगणं त्यांच्या धंद्यात बसत नाही, तुमच्या बसतं.

अम्मी काल रात्री म्हणाली, "हरीभावजींना लिही, मी किडनी दिली तेव्हा मला कुणी शाल दिली नव्हती. पण त्यांनी दिलेली भेट यांनी लपवून खाल्ली, आणि माझी भेट पणाला लावली." तिच्याकडे दुसरी किडनी आहे काका, पण ती तिला लागते.

बाकीचे तीस डबे कुणाकुणाकडे आहेत, त्याची यादी मला पाठवा.

उमैमा

*

गुहागर
२१ एप्रिल २०२५

अयूब,

काय सभा झाली! तीनशे ऐंशी माणसं, मोजली मी. तू आला नाहीस तरी मी वेळ मारून नेली. म्हणालो, "आमचा अयूब इतका ठणठणीत झाला आहे की आज तो खोलीत सापडतच नाही!" टाळ्या थांबेनात. तुझी मधली खुर्ची रिकामी ठेवली होती. तिच्यावर तुझा आरे-वारेचा फोटो ठेवला आणि कंपनीच्या साहेबांच्या हस्ते त्याला हार घातला. बायाबापड्यांचे डोळे पाणावले.

समारोप पंच्याण्णव मिनिटं चालला. शेवटी वीज गेली, तरी मी माईकशिवाय बोललो. डबे हातोहात गेले.

तुझं पत्र का नाही?

हरिश्चंद्र

*

मुंबई
२९ एप्रिल २०२५

हरी,

तुझं २१ तारखेचं पत्र फुजैल राजिवड्याहून घेऊन आला. उमैमाचं त्याआधीच निघालेलं तुला मिळालं असेल. दोन्ही पत्रं वाटेत एकमेकांच्या अंगावरून गेली असणार.

मेल्या, फोटोला हार कुणाच्या घालतात? मैमुनाने वाचून दाखवलं आणि इतकी हसली की टाके धरून खाली बसली. मग रडली.

कॅप्सूल बंद, चहा बंद. गोळीचं प्रमाण उतरून नऊवर आलं. क्रिएटिनिन १.६. डॉक्टर म्हणतात, १.२ वर परत जाईलच असं नाही. म्हणजे मैमुनाने दिलेल्यातलं थोडं गेलं. किती गेलं ते तिने विचारलं नाही, आणि मला सांगायचं धाडस झालं नाही.

तुझ्यावर चिडायचं ठरवलं होतं. दोन दिवस प्रयत्न केला. पण गोष्ट अशी आहे की मी तीस वर्षं इंजिनरूमचं लॉगबुक लिहिलं. टाकीत काय ओतलं, किती ओतलं, किती वाजता, सगळं. एकदा हाताखालच्या माणसाने न विचारता न लिहिता वेगळं तेल ओतलं. इंजिन भर समुद्रात बसलं. त्याला पुढच्या बंदरावर उतरवला. मीच चिठ्ठी लिहिली होती. आणि माझ्या स्वतःच्या टाकीत चार आठवडे काय जात होतं, ते मी लिहिलं नाही. वर विचारल्यावर 'काही नाही' म्हणालो. तुझी सभा वाचवायला बायकोची किडनी लावली. मला कोणत्या बंदरावर उतरवायचं?

तू वाचलंस अर्धं आणि सांगितलंस दुप्पट. मी मात्र विचारणाऱ्यालाच सांगितलं नाही. दोघांचं मिळून हे झालं.

आता एक काम कर. तुला बोलता येतं, मला येत नाही. तीस डबे अजून लोकांच्या घरात आहेत, आणि सभेतले वेगळेच. पुन्हा एकदा बोल. या वेळी पंच्याण्णव मिनिटं नकोत. मी बरा आहे असंही सांगू नकोस. जेवढं झालं तेवढंच सांग.

आणि कमळावहिनींना सांग, त्यांच्या हातचा आल्याचा चहा मी पिणार आहे. आधी डॉक्टरला विचारून.

अयूब

*

गुहागर
५ मे २०२५

१९७७ च्या दहावीच्या बाकमित्रांनो,

मार्चमध्ये मी तुम्हांला लिहिलं की आपलं कोणी ऐकत नाही. ते खोटं होतं. तुम्ही एकतीस जणांनी माझं ऐकलंत, आणि त्यातून जे झालं ते सांगायला हे पत्र लिहितो आहे.

अयूब सोलकर ठणठणीत नाही. ज्या दिवशी मी त्याला ठणठणीत म्हणून टाळ्या घेतल्या, त्या दिवशी तो मुंबईला हॉस्पिटलात होता. माझ्या डब्यातल्या कॅप्सूल आणि आपण पाजलेला चहा त्याच्या पोटात होता, आणि किडनी टिकवणारी गोळी त्याच्या रक्तात दुपटीहून जास्त चढली होती. गोळी चढायला बहुधा हेच कारण झालं. 'बहुधा' हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा लिहितो आहे. उमैमाने शिकवला. किडनी वाचली. पूर्वीइतकी राहिलेली नाही.

ज्या माणसाची प्रतिकारशक्ती डॉक्टर जपून खाली ठेवत होते, ती वर काढायला मी तीस माणसांची फौज पाठवली. चौदा शोधनिबंधांची शीर्षकं वाचून मी निकाल दिला. ते चौदाही आता वाचले, उमैमाला फोनवर धरून. त्यांत जिथे जिथे 'कदाचित' होतं, तिथे तिथे मी 'निश्चित' म्हणालो होतो. उंदीर होते तिथे अयूबला बसवलं होतं. मी स्वतः तो चहा पीत नाही, हेही सांगून टाकतो. कमळेने सांगण्यापेक्षा मी सांगितलेलं बरं, जरी तिने ते आधीच सांगितलेलं आहे.

शाल कंपनीला परत केली. माईकही परत केला. श्रीफळ परत करता आलं नाही, त्याची सोलकढी झाली होती. कंपनीच्या साहेबांना म्हटलं, डब्यावर छापा की इतर गोळ्या घेणाऱ्याने आधी विचारावं. ते म्हणाले, "सर, तेवढी जागा नाही." साठ लाख रोगांची नावं मावतात आणि एक वाक्य मावत नाही! त्या साहेबांशी माझं भांडण संपलेलं नाही. पण ते मी एकटा भांडेन, तुम्हांला त्यात ओढत नाही.

डबे परत घ्यायला मी गेला आठवडाभर दारोदार फिरलो. काय कळलं ऐका. फुजैल रक्त पातळ करायची गोळी घेतो, आणि हा डबा तिच्याही कामात ढवळाढवळ करू शकतो. चिमाला रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या आहेत, आणि ती त्या ग्रीन टीसोबत गिळत होती. चहा ते लोह अंगी लागू देत नाही, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. अठ्ठेचाळीस वर्षांची मैत्री, आणि एकमेकांच्या गोळ्या आपल्याला ठाऊक नाहीत. मी विचारलं, "चिमा, डॉक्टरला सांगितलंस का डब्याचं?" म्हणाली, "अरे, ती तर तू दिलेली भेट. भेट काय सांगायची?" अयूबनेही हेच म्हटलं होतं, शब्दाला शब्द. आपण सगळ्यांनी हेच केलं असतं. मुंबईच्या भाच्याने आणलेली पावडर, दुबईच्या जावयाने पाठवलेली बाटली, शेजारणीने दिलेलं चूर्ण, हे आपण औषधात धरतच नाही. प्रेमाने आलेलं पोटात गेल्यावर काही करणार नाही, असं आपल्याला वाटतं. पोटाला प्रेम कळत नाही, पोटाला कॅप्सूल कळते.

डॉक्टर दोन मिनिटं देतो, ही माझी तक्रार कायम आहे. पण त्या दोन मिनिटांत त्याने अयूबला नेमका प्रश्न विचारला होता. उत्तर आमच्याकडे होतं. आम्ही ते जहाजाच्या पेटीत, डांगरीखाली ठेवलं होतं.

म्हणून आज एकच सांगतो, आणि बसतो. हे पत्र घडी घालून ठेवा आणि उठा. बाजाराची कापडी पिशवी घ्या. घरात पोटात जाणारं जे जे आहे, गोळ्या, चूर्ण, काढे, जावयाची बाटली आणि माझा हिरवा डबा असेल तर तोही, त्या पिशवीत भरा. उद्या सकाळी दवाखान्यात जा, आणि डॉक्टरने काही विचारायच्या आत ती पिशवी त्याच्या टेबलावर उलटी करा.

हरिश्चंद्र आरेकर